इअरफोन घेताना: आवाज मोठा नको, स्वच्छ हवा

"डॉक्टर, कोणता इअरफोन घेऊ? आवाज तर चांगला पाहिजे, पण कान बिघडायला नकोत." अलिबाग-थळ परिसरातील रुग्ण तपासताना हा प्रश्न मला आता आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतो. विचारणाऱ्यांत कॉलेजची मुले असतात, मांडव्याहून लाँचने मुंबईला ये-जा करणारे नोकरदार असतात, चार-चार दिवस दर्यावर राहणारे खलाशी असतात आणि नातवाने आणून दिलेला इअरफोन लावून कीर्तन ऐकणाऱ्या आजीही असतात.

बहुतेकांची समजूत अशी असते की या प्रश्नाचे दोन निराळे भाग आहेत. आवाजाचे दुकानदाराला विचारायचे आणि कानाचे डॉक्टरला. खरे पाहता प्रश्न एकच आहे आणि त्याचे उत्तरही एकच आहे. जो इअरफोन कमी आवाजावर स्वच्छ ऐकू येतो, तोच चांगला आणि तोच कानाला सोसणारा. ज्याचा आवाज वाढवल्याशिवाय गाणे कळत नाही, तो कितीही महागाचा असला तरी आपल्या कामाचा नाही. असे का, आणि असा इअरफोन निवडायचा व वापरायचा कसा, हे आज पाहू.

कान ऐकतो कसा?

आवाज म्हणजे हवेची कंपने. ही कंपने कानाच्या नळीतून पडद्यावर येतात, पडद्यामागची तीन चिमुकली हाडे ती पुढे पोहोचवतात आणि शेवटी ती अंतर्कर्णात जातात. अंतर्कर्णाचा ऐकण्याचा भाग गोगलगायीच्या शंखासारखा, सुमारे अडीच वेढ्यांचा आणि जेमतेम वाटाण्याएवढा असतो. त्यात साधारण १५,००० सूक्ष्म केसपेशी असतात. वाऱ्याने शेतातला भात डोलावा तशा या पेशींवरच्या लवा कंपनांनी डोलतात आणि त्या हालचालीचा संदेश मेंदूकडे जातो.

वारा जोराचा झाला की भात आडवा होतो. एखाददुसऱ्या दिवशी तो पुन्हा उभा राहतो. पण रोज वादळ आले तर ताटे मोडतात. केसपेशींचेही असेच आहे. लग्नाच्या वरातीत बँडजवळ तासभर नाचल्यावर कान बधिर होतो आणि सकाळी बरा वाटतो, हा अनुभव अनेकांना असेल. हे रोज होऊ लागले की पेशी मरतात. भात पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतो. माणसाच्या केसपेशी एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. त्या परत आणणारे औषध, तेल किंवा थेंब आज कोणाकडेही नाहीत.

आवाजाचा मार आधी बारीक, उंच सूर ऐकणाऱ्या पेशींना बसतो. तपासणीच्या भाषेत सांगायचे तर ४,००० हर्ट्झच्या आसपास पहिली खोक पडते. थळच्या किनाऱ्यासमोरील खांदेरी किल्ल्यावर धातूच्या भांड्यासारखा नाद देणारा दगड आहे, तो आपल्यापैकी अनेकांनी वाजवून पाहिला असेल. सुरुवातीचा बहिरेपणा असलेल्या माणसाला त्या दगडावरचा ठोका ऐकू येईल, पण त्या नादातला बारीक टणत्कार निसटेल. बोलण्यातही तसेच होते. स्वर जाड असतात, ते ऐकू येतात. स, श, च, त, फ ही बारीक व्यंजने हरवतात. म्हणून घरातली माणसे तक्रार करतात, "हाक मारली तर ओ देतो, पण काय सांगितले ते त्याला कळत नाही."

आवाजाचा हिशेब

किती आवाज किती वेळ चालतो, याचा हिशेब जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिला आहे. मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. लहान मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबल आहे. पुढचा नियम फार महत्त्वाचा आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते. म्हणजे ८३ डेसिबलला आठवड्याचे २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास. ९५ डेसिबलला सव्वा तास आणि १०० डेसिबलला जेमतेम २० मिनिटे, तीही दिवसाची नव्हे, सबंध आठवड्याची.

मेख अशी आहे की ३ डेसिबलची वाढ कानाला फारशी जाणवत नाही. "जरासा वाढवला" एवढेच आपल्याला वाटते. प्रत्यक्षात कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट झालेली असते. फोन आणि इअरफोनच्या अनेक जोड्या पूर्ण आवाजात १०० डेसिबलच्या आसपास पोहोचतात. म्हणजे पूर्ण आवाजात चार-पाच गाणी ऐकली की आठवड्याचा शिधा संपला!

आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबल अशी मर्यादा धरली जाते. ज्या विभागात मोठी यंत्रे धडधडतात, तेथे कामगाराला कानात बोळे किंवा कानांवर रक्षक वाट्या लावाव्या लागतात. थळच्या खत कारखान्यामुळे आपल्या भागातील अनेक घरांना ही गोष्ट ठाऊक आहे. ड्युटीवर कान झाकणारा तोच माणूस घरी येताना त्याहून मोठा आवाज स्वतःच्या हाताने कानात सोडतो, आणि त्याला अडवायला तेथे कोणी सुरक्षा अधिकारी नसतो.

आवाज वाढवावा का लागतो?

शांत खोलीत रात्री इअरफोन लावून पाहा. थोड्या आवाजातही गाणे पुरते ऐकू येते. तोच इअरफोन लावून अलिबाग-पनवेल एसटीत बसा. गाडीचा आवाज ८० डेसिबलच्या घरात गेला तर गाणे त्याच्या वर काढावे लागते. म्हणून हात आपोआप ९० डेसिबलपर्यंत जातो. ऐकणाऱ्याला हा आवाज मोठा वाटतच नाही, कारण भोवतालचा गोंगाट त्याला झाकून टाकतो. कानाला मात्र सगळे मोजून मिळते, गाणेही आणि गोंगाटही.

आता समजा, इअरफोनने बाहेरचा गोंगाटच अडवला आणि तुम्हाला आवाज १० डेसिबलने कमी करता आला. वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे ९० डेसिबलला आठवड्याचे ४ तास मिळतात, ८० ला ४० तास. गाणे तेच, गाडी तीच, पण कानाला सोसण्याची मुदत दहापट. शिवाय गोंगाट हटल्यामुळे तबल्याचे बोल आणि तानपुऱ्याची घुमार अधिक स्पष्ट लागते. चांगला आवाज आणि निरोगी कान या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत असे मी म्हणतो, ते याच कारणाने.

याची दुसरी बाजूही सांगतो. आपल्या किनाऱ्यावरील एक तेवीस वर्षांचा तरुण माझ्याकडे आला होता. घरच्या बोटीवर तो इंजिन सांभाळतो. डिझेल इंजिनाच्या जवळ आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. त्या धडधडीत कंटाळा येऊ नये म्हणून दोन वर्षे तो साधा इअरफोन लावून पूर्ण आवाजात गाणी ऐकत असे. तक्रार ऐकू न येण्याची नव्हतीच. "रात्री सगळे झोपले की कानात रातकिडे ओरडतात, झोप लागत नाही," असे तो म्हणाला. श्रवणतपासणीच्या आलेखात दोन्ही कानांना ४,००० हर्ट्झवर खोल खड्डा होता. साठीच्या माणसाचा शोभावा असा तो आलेख होता. त्याने औषध मागितले. गेलेले ऐकणे परत आणणारे औषध नाही, हे त्याला आणि त्याच्या आईला समजावून सांगावे लागले. आता तो इंजिनाजवळ फक्त कानात बोळे घालतो. गाणी किनाऱ्यावर आल्यावर, हळू आवाजात. वर्षाने केलेल्या तपासणीत ऐकणे आणखी उतरलेले नाही. कानातले रातकिडे मात्र गेलेले नाहीत. त्यांच्याबरोबर झोपायला तो शिकला आहे.

बोटीवर, रस्त्यावर, मोटारसायकलवर किंवा यंत्रासमोर कान बंद करून गाणी ऐकू नयेत, हे येथे बजावून सांगतो. तांडेलाची हाक, मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न किंवा इंजिनाचा बदललेला सूर ऐकू आलाच पाहिजे. गोंगाट अडवणारा इअरफोन बसलेल्या प्रवाशासाठी आहे, काम करणाऱ्यासाठी नाही.

कोणता प्रकार कोणासाठी?

बाजारात नावे शेकडो असली तरी प्रकार मोजकेच आहेत.

पहिला प्रकार, कानाच्या तोंडाशी नुसता टेकणारा, कडक प्लास्टिकचा. तो कानात रुतत नाही, कान मोकळा राहतो. पण बाजूने बाहेरचा गोंगाट आत येतो आणि गाण्यातला खर्ज बाहेर निसटतो. शांत घरात बातम्या, फोन, व्याख्यान ऐकायला हा चांगला. एसटीत व लाँचमध्ये नको.

दुसरा प्रकार, रबराची टोपी असलेला, कानाच्या नळीत बसणारा. नेकबँड आणि बिनतारी इअरबड बहुधा याच जातीचे असतात. टोपी नीट बसली तर बाहेरचा आवाज १५ ते २० डेसिबलपर्यंत अडवला जाऊ शकतो. प्रवास करणाऱ्याला मध्यम किमतीत हा सर्वांत सोयीचा. मात्र ज्यांचा कान वाहतो, ज्यांच्या पडद्याला छिद्र आहे किंवा ज्यांना कानात वारंवार बुरशी होते, त्यांनी हा वापरू नये.

तिसरा प्रकार, संपूर्ण कान झाकणारा हेडफोन. यात पाठ बंद असलेले आणि पाठीला जाळी असलेले असे दोन भेद आहेत. बंद पाठीचा गोंगाट अडवतो. जाळीचा आवाज मोकळा आणि नैसर्गिक लागतो, पण तो बाहेरचे सारे आत येऊ देतो, म्हणून तो घरातल्या शांत खोलीपुरताच. कानाच्या नळीत काही जात नसल्याने बऱ्याच रुग्णांना मी बंद पाठीचा हेडफोन सुचवतो. आपल्याकडे उन्हाळ्यात त्याखाली घाम येतो, हा त्याचा तोटा.

चौथा प्रकार, हाडावाटे ऐकवणारा. तो गालाच्या हाडावर बसतो आणि कान मोकळा ठेवतो. चालायला जाणाऱ्यांना व बुरशीचा त्रास असलेल्यांना उपयोगी. पण हाडावाटे गेलेला आवाजही शेवटी त्याच केसपेशींवर पडतो. म्हणून "याने कान बिघडत नाहीत" ही जाहिरात खरी मानू नये.

याखेरीज 'नॉइज कॅन्सलेशन' नावाची सोय असते. इअरफोनमधला छोटा माइक बाहेरचा गोंगाट ऐकतो आणि त्याच्या बरोबर उलटी लाट कानात सोडतो. दोन्ही लाटा एकमेकींना मारतात. इंजिनाची घरघर, पंख्याचा आवाज अशा एकसुरी खर्जावर ही युक्ती उत्तम चालते. शेजारच्यांच्या गप्पा किंवा पोराचे रडणे तिला फारसे आवरत नाही. मुंबईला लाँचने रोज ये-जा करणाऱ्याला या सोयीचे पैसे वसूल होतात. येथे एक फसगत टाळा. खोक्यावर 'एएनसी' लिहिले असेल तर ती वर सांगितलेली सोय. 'ईएनसी' लिहिले असेल तर ती तुमच्या फोनवरील बोलण्यातला गोंगाट पलीकडच्या माणसाला कमी ऐकू यावा म्हणून आहे. तुमच्या कानाला तिचा काही उपयोग नाही. एका अक्षराच्या फरकाने अनेकजण भलतीच वस्तू घेऊन येतात.

बसला नीट तर सूर नीट

"डॉक्टर, नवा घेतला पण खर्ज लागतच नाही, नुसता चिरका वाजतो," अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या इअरफोनमध्ये दोष नसतो. तो कानात बसलेला नसतो. टोपी आणि कान यांच्यात बारीकशी फट राहिली तरी खर्ज त्या फटीतून निघून जातो. मग माणूस आवाज वाढवतो, त्याने खर्ज येत नाहीच, उलट बारीक सूर कानाला टोचतात.

इअरफोनबरोबर बहुधा तीन मापांच्या टोप्या मिळतात. खोक्यातल्या त्या पिशवीकडे दुर्लक्ष करू नका. तिन्ही मापे लावून पाहा. पुष्कळांच्या दोन कानांच्या नळ्या सारख्या मापाच्या नसतात. तेव्हा उजवीकडे मोठी व डावीकडे मधली टोपी लावायला काहीच हरकत नाही. घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते. मग टोपी हलकेच फिरवत आत बसवा व पाळी सोडा. नीट बसली की स्वतःचे बोलणे घागरीत बोलल्यासारखे घुमते आणि पंख्याचा आवाज एकदम दूर जातो. रबर टिकत नसेल तर फोमच्या टोप्या मिळतात. त्या बोटांनी दाबून घातल्या की आत फुगून नळीचा आकार घेतात. मात्र कानात दुखेपर्यंत काहीही कोंबू नये.

उजवा-डावा पाहून घाला, त्यावर इंग्रजी 'आर' व 'एल' लिहिलेले असते. एका बाजूचा आवाज उतरला तर दुकानात धावण्यापूर्वी टोपी काढून आतली जाळी पाहा. नव्वद टक्के वेळा नाही म्हणत, पण पुष्कळदा तेथे कानातला मळ बसलेला असतो. जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडावी. पाणी, स्पिरीट किंवा सुई जाळीत घालू नये. टोप्या मात्र काढून साबणाच्या पाण्याने धुवाव्या आणि पूर्ण वाळल्यावरच लावाव्या.

फोनमध्ये आवाजाचे सूर कमी-जास्त करण्याची सोय असते, तिला इक्वलायझर म्हणतात. तेथे खर्ज चढवण्याची सर्वांना हौस असते. माझा सल्ला उलटा आहे. जे जास्त वाटते ते उतरवा, जे कमी वाटते ते चढवू नका. आवाज चिरका वाटला तर बारीक सूर थोडे खाली घ्या. गाणे फाटत नाही आणि एकूण आवाजही वाढत नाही. गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये दर्जा सर्वांत कमी ठेवलेला असतो का, तेही पाहा. तो वाढवला तर इंटरनेट थोडे जास्त लागते, पण गाणे स्वच्छ होते आणि आवाज वाढवण्याची गरज कमी पडते. बिनतारी इअरफोनवर फोन चालू असताना गाण्याचा किंवा बोलण्याचा दर्जा उतरतो, तो माइक चालू झाल्यामुळे. तो बिघाड नव्हे.

खोक्यावरचे आकडे आणि दुकानातली पारख

खोक्यावर मोठ्या अक्षरांत '२० ते २०,००० हर्ट्झ' छापलेले असते. निरोगी तरुण कानाची तीच मर्यादा असल्याने जवळजवळ प्रत्येक खोक्यावर तेच आकडे दिसतात. त्यावरून चांगले-वाईट कळत नाही. 'ड्रायव्हर' किती मिलिमीटरचा यावरूनही आवाजाचा दर्जा ठरत नाही. तारेचा इअरफोन घेणाऱ्याने १६ ते ३२ ओहमचा घ्यावा, तो फोनवर सहज वाजतो. जास्त ओहमचे हेडफोन स्टुडिओतल्या यंत्रांसाठी असतात, फोनवर ते मवाळ वाजतात.

खरी पारख आपल्या कानाने करावी. ओळखीचे गाणे निवडा, नवे नको. आपल्या भागातील वाचकांना मी कोळीगीत सुचवतो. शांता शेळके यांनी लिहिलेल्या आणि हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेल्या कोळीगीतांपैकी एकात हेमंतकुमारांचा भारदस्त आवाज आणि लताबाईंचा बारीक आवाज एकत्र आहेत. चांगल्या इअरफोनवर दोन्ही आवाज आपापल्या जागी, एकमेकांना न झाकता ऐकू येतात. खर्ज फुगवलेल्या इअरफोनवर ताल दणदणतो आणि शब्द त्याखाली दबतात. शब्द कळत नाहीत म्हणून माणूस आवाज वाढवतो, आणि हिशेब पुन्हा चुकतो. ताल भरपूर आणि शब्द अंधूक असा इअरफोन दुकानात ऐटबाज वाटतो, तो घेऊ नये.

दोन इअरफोनची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. जो जरा मोठा वाजतो तो आपल्याला नेहमीच सरस वाटतो. मग आवाज निम्म्याखाली आणा आणि पुन्हा ऐका. कमी आवाजातही ज्याच्यावर शब्द, ताल आणि मागची वाद्ये लागतात, तो घ्या. दुकानात चाचणीसाठी ठेवलेला इअरफोन अनेकांच्या कानांत जाऊन आलेला असतो. त्यावर धुतलेली किंवा नवी टोपी लावायला सांगावे, यात संकोच नको. घरबसल्या मागवणार असाल तर परत करण्याची सोय आहे की नाही ते आधी पाहा, कारण कानात बसतो की नाही हे चित्र पाहून कळत नाही.

आपली दमट हवा

किनारपट्टीच्या दमट हवेत कानाच्या नळीत बुरशी सहज धरते. त्यात रबराची टोपी तासन्‌तास घातली की नळीतला घाम आत कोंडतो. पावसाळ्यात आणि उकाड्यात कानाला खाज, ठणका आणि कोंदटलेपणा घेऊन येणाऱ्यांत इअरफोनचे शौकीन आता बरेच असतात. समुद्रात डुंबल्यावर किंवा न्हाल्यावर कान कोरडा झाल्याखेरीज इअरफोन घालू नये. तासाभराने दहा मिनिटे तरी काढून ठेवावा. इअरफोन लावून झोपू नये. आपला इअरफोन दुसऱ्याला देऊ नये, भावंडालासुद्धा नाही. खाज आली म्हणून कानात गरम तेल, आगकाडी किंवा किल्ली घालू नये. अशाने बुरशी वाढते आणि प्रसंगी पडद्याला इजा होते.

घरातल्या मुलांसाठी आई-वडिलांनी फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची कमाल मर्यादा घालून द्यावी, बहुतेक फोनांत तशी सोय असते. मोठ्यांनीही आवाजाची पट्टी साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये. साधी परीक्षा अशी. मुलाने इअरफोन लावला असताना हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात त्याला काही विचारा. गोंगाट अडवणारा इअरफोन नसूनही त्याला ऐकू आले नाही, किंवा त्याच्या कानातले गाणे तुम्हालाच ऐकू येत असेल, तर आवाज नक्की जास्त आहे.

डॉक्टरकडे केव्हा जावे?

इअरफोन काढल्यावर कानात शिट्टी किंवा रातकिडे वाजत राहणे, चार माणसांच्या गर्दीत बोलणे न कळणे, टीव्हीचा आवाज घरच्यांना मोठा वाटणे, नेहमीचे गाणे पूर्वीइतक्या आवाजात 'बारीक' लागणे, ही सर्व सुरुवातीची लक्षणे आहेत. इअरफोन बदलून ती जात नाहीत. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन श्रवणतपासणी करून घ्यावी. ती दुखत नाही आणि अर्ध्या तासात होते. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तेथे श्रवणतपासणी होते आणि श्रवणयंत्राविषयी मार्गदर्शन मिळते.

एखाद्या सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर मळ असेल म्हणून आठवडा घालवू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी तज्ज्ञाला दाखवा. अशा अचानक आलेल्या बहिरेपणावर पहिल्या काही दिवसांत उपचार सुरू झाले तर ऐकणे परत येण्याची आशा असते. उशीर झाला की ती कमी होत जाते.

वाचकांनी कात्रण काढून ठेवावे म्हणून थोडक्यात पुन्हा सांगतो:

१) कानाला नीट बसणारा आणि गोंगाट अडवणारा इअरफोन निवडा.
२) तिन्ही मापांच्या टोप्या लावून पाहा.
३) आवाजाची पट्टी साठ टक्क्यांच्या खाली ठेवा. वाढवण्याची इच्छा झाली तर आधी टोपी तपासा.
४) तासाभराने कानाला विश्रांती द्या.
५) इंजिनाजवळ, रस्त्यावर आणि कामावर इअरफोन नको, गोंगाटाच्या यंत्रापाशी फक्त बोळे घाला.
६) कान वाहत असेल, दुखत असेल किंवा खाजत असेल तर बरा होईपर्यंत इअरफोन बंद.

पुढील आठवड्यात कानातील मळ या विषयावर लिहीन. तो काढावा की राहू द्यावा, आणि काढायचा तर कसा, याविषयी काही शंका असल्यास वाचकांनी त्या अवश्य लिहून कळवाव्यात.